टाले बटाटे सोलते

कासेल,
७ मार्च १९९३

ती. आल्मुट आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला चहाचा डबा मिळाला. बाबांना गेल्या सोमवारी इस्पितळातून विट्झेनहाउझेनच्या घरी आणलं. झटक्याने गेलेली उजवी बाजू परत आलेली नाही. उजवा हात मांडीवर ठेवला की कुणीतरी उचलेपर्यंत तिथेच राहतो. बोलणं अडखळतं, पण चालू आहे. सकाळची नर्स म्हणते की रागावले की त्यांना शब्द पटकन सापडतात, म्हणून ती रोज थोडं रागवायला लावते. खाट खाली, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आणली आहे. मी आठवडाभर इथे कारखान्यात वजनकाटे तपासते आणि शनिवार-रविवार तिकडे जाते.

मी कशी आहे असं तू विचारलंस. ठीक आहे. जेवते, झोपते.

इस्पितळात बाबांनी डाव्या हाताच्या एका बोटाने 'हालिग'ची त्यांच्या वाट्याची पुस्तिका टाइप करून पुरी केली. तू 'हालिग' वाचत नाहीस, त्यात माणसांपेक्षा दारंच जास्त उघडतात असं तुझं मत आहे, म्हणून थोडं समजावून सांगते. ही एका अंतराळजहाजाची कथामालिका. एकोणतीस वर्षं दर शुक्रवारी तिची एक पुस्तिका निघते आणि पाच लेखक पाळीपाळीने लिहितात. कारखाना सुटला की कचेरीत जाऊन छपाईआधी मी तपासते: कोण मेलंय, कोण कुठल्या ग्रहावर आहे, कुणाचा कुठला डोळा काचेचा आहे. आमच्याकडे नियम एकच, छापलं ते घडलं. पुस्तिका मागे घेता येत नाही. चूक छापली गेली तर पुढच्या लेखकाने तिचा खुलासा कथेतच द्यायचा. जहाजावरचा डॉक्टर एकदा एकाच संध्याकाळी दोन ग्रहांवर होता, तेव्हा त्याला जुळा भाऊ द्यावा लागला. आमचे संपादक श्री. ओल्बर्स म्हणतात की तो भाऊ तेव्हापासून फुकटचा पगार खातोय.

बाबांच्या हस्तलिखितात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे जेवणाच्या टेबलावर बटाटे आहेत. जहाजावरचा मळा गेल्या वर्षीच जळाला. दुसरी म्हणजे ते बटाटे टाले सोलते आहे. टाले ही जहाजाची दिशादर्शक. पुस्तिका ४६१मध्ये ती मेली. हवाबंद दार उघडलं आणि ती बाहेर फेकली गेली. प्रेत मिळालं, अंत्यविधी झाला, म्हणजे पळवाट नाही. बाबांनीच लिहिलं होतं. आता ती उजव्या हातात सुरी धरून कप्तानाच्या शेजारी बसली आहे. कप्तान विचारतो की मीठ कुठे आहे. ती म्हणते की नेहमी असतं तिथेच. परिच्छेद संपतो. टेबलाशी बसलेल्या कुणालाही आश्चर्य वाटत नाही.

मेंदूला इजा झाल्यावर असं होतं. मी परिच्छेद खोडणार आहे.

या गारठ्यात धक्क्यावर फिरायला जाऊ नकोस. लोभ आहेच, तो असाच चालू दे.

तुझी,
गेझिना


हुझुम,
१२ मार्च १९९३

चि. गेझिनास,
अनेक आशीर्वाद.

जेवते, झोपते! बाई गं, हवामान खातंसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त मनापासून लिहितं.

माझ्या कमरेचं म्हणशील तर डॉक्टरने उन्हाळ्यापर्यंत आगगाडी बंद केली आहे. नाहीतर मीच येऊन एकार्टला रागवायला लावलं असतं, त्यासाठी नर्स कशाला हवी? साठ वर्षं ते काम मी फुकट केलंय.

तुझं पत्र शेजारच्या फ्राउ ब्रोडर्सेनला वाचून दाखवलं. टाले परत आली हे ऐकून ती खुर्चीत मटकन बसली. टाले मेली त्या आठवड्यात हिने काळे कपडे घातले होते, आणि नवऱ्याने विचारलं की कोण गेलं, तर म्हणाली तुम्हाला नाही कळायचं. तेव्हा नुसतं मेंदूला इजा म्हणून मोकळी होऊ नकोस.

टाले कोण हे तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. पण या घरात कुणी ते कागदावर उतरवलं नाही, म्हणून मी उतरवते. बहात्तरच्या उन्हाळ्यात तुझी आई हेड्डा त्या डॅनिश पूल बांधणाऱ्या इंजिनियरबरोबर निघून गेली. कोर्टाने दोष तिच्या माथी मारला आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मूल बापाकडे आलं. तू सहा वर्षांची होतीस. डिसेंबरमध्ये एकार्टने टालेला मारलं. मी फोनवर त्याला म्हटलं की गाढवा, बायको सोडून गेली तर माणूस दारू पितो, तिला अंतराळात ढकलून देत नाही. तर म्हणाला की कथेची गरज होती.

एक मात्र तुला माहीत नसेल. तुझ्या आधी तपासणीचं काम तुझी आईच करायची. नकाशे काढणारी बाई ती, पेन्सिल कायम कानावर. हा लिहायचा, ती स्वयंपाकघरात बसून चुका काढायची आणि भांडण जेवणापर्यंत पुरायचं. पुढे पुढे तर हा मुद्दाम चूक सोडायचा, ती आतून ओरडत बाहेर यावी म्हणून. एकदा याने एका चंद्राच्या दोन सावल्या पाडल्या, तर ती ओलं फडकं घेऊनच आली. तेवढंच त्यांचं प्रेम मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिचा पत्ता माझ्याकडे नाही. एकोणऐंशी साली आरहुसहून एक कार्ड आलं होतं. माझं उत्तर परत आलं. एकार्टला तिला एकदा बघायचंय. तोंडाने म्हणणार नाही, मेला तरी म्हणणार नाही, आपल्या हार्मसेन घराण्यातला आहे. म्हणून मी म्हणते, तो परिच्छेद राहू दे.

उन्हाळ्यात ये. पण जेवताना माझ्या उजव्या बाजूला बसू नकोस. ख्रिसमसला तुझ्या त्या डाव्या कोपराने माझं सूप फ्राउ ब्रोडर्सेनच्या मांडीवर गेलं, ती अजून लोकांना सांगते.

म्हातारीवर लोभ असू दे, तिच्या जिभेवर नसला तरी चालेल.

तुझी,
आल्मुट आत्या


कासेल,
२१ मार्च १९९३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू लिहिलेलं बहुतेक मला माहीत होतं. तपासणीचं माहीत नव्हतं.

पुस्तिका ४६१ मी आठ वर्षांची असताना बाबांच्या कपाटातून काढून वाचली. कथेत टालेचे केस, कोट आणि शिट्टी वाजवण्याची सवय आईची आहे. शेवटच्या पानावर दार उघडतं. त्यानंतर मी आईबद्दल काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलं आहे असं वाटलं नाही. ती जिवंत आहे हे मला कळत होतं, पण छापलेलं वेगळं होतं.

मी परिच्छेद खोडला. खोडलेलं पान लेखकाला दाखवावं लागतं, म्हणून काल बाबांसमोर ठेवलं. टाले मेल्याचं आठवतं का असं विचारलं. ते म्हणाले की आपणच मारली, तेव्हा आठवायला हवंच. मेंदूचा जो भाग गेला त्यात आयकर होता, टाले दुसऱ्या भागात आहे. मग खुलासा काय द्यायचा, असं विचारलं. ते म्हणाले की खुलासा ही पुढच्याची डोकेदुखी, एकोणतीस वर्षं आपण दुसऱ्यांची डोकेदुखी वाहिली. मी म्हटलं की वाचक हसतील. यावर त्यांनी पेन्सिल मागितली.

आमच्या धंद्यात खोडलेलं तसंच राहू द्यायचं असेल तर त्याखाली टिंबं देतात. बाबांनी डाव्या हाताने टिंबं द्यायला सुरुवात केली. सगळ्या ओळीला मिळून दोन-तीन दिली तरी भागतं. त्यांनी प्रत्येक शब्दाखाली दिली, 'आणि'खालीसुद्धा. सूप गार झालं. मी गरम करून आणलं, तेही गार झालं. एक टिंब कागदाबाहेर टेबलावर गेलं. ते पुसू नको म्हणाले.

मी अजून काही ठरवलेलं नाही. हे पान माझ्या पिशवीत आहे.

कमरेला शेक घेत जा. इकडे लोभ आहे, तिकडचा गृहीत धरते.

तुझी,
गेझिना


हुझुम,
ईस्टर, १९९३

चि. गेझिनास,
अनेक आशीर्वाद.

कार्डावर जागा कमी, म्हणून भांडण अर्ध्यातच सोडते. 'आणि'खाली टिंब देणाऱ्या माणसाच्या मेंदूला काहीही झालेलं नाही. रंगवलेली अंडी तुटली नसतील तर तीन तुझी, एक त्याची. लोभ कार्डात मावत नाही, समजून घे.

आत्या


कासेल,
२ मे १९९३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं तेच नीट लिहिते. बाबांना एप्रिलमध्ये दुसरा झटका आला. आता तीनच शब्द येतात: हो, नाही आणि मीठ. पाणी हवं असलं तरी मीठ, उशी सरकली तरी मीठ. डॉक्टर म्हणतात की एखादा शब्द असा तोंडात अडकून राहतो, त्याला अर्थ नसतो. तिसरा झटका सोसवणार नाही, असंही म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि परतीच्या बसमध्ये बसले. दोन थांबे पुढे जाऊन उतरले. उतरायचं लक्षात राहिलं नव्हतं, एवढंच.

परिच्छेद मी राहू दिला. तू म्हणालीस म्हणून नाही. टिंबं लेखकाने दिलेली होती, शब्दाशब्दाखाली. त्या खुणेचा दुसरा अर्थ निघत नाही. श्री. ओल्बर्स म्हणाले की फोन खणखणतील, आणि यावेळी मेलेल्याला जुळी बहीण द्यावी लागली तर ते स्वतः नोकरी सोडून मधमाश्या पाळतील. पण पान त्यांनी बराच वेळ हातात धरलं आणि छपाईला पाठवलं.

बटाट्यांसाठी मी एक वाक्य घातलं: व्यापारी तळावरून पोतं आणलं. टालेसाठी काही घातलं नाही.

पुस्तिका चौदा तारखेला येईल. तुझा लोभ मला लागतो आहे, हे तुला माहीत असावं.

तुझी,
गेझिना


टॉन्डर, डेन्मार्क,
२२ मे १९९३

संपादक, 'हालिग' यांस,
स. न. वि. वि.

मी आपली मालिका पहिल्या पुस्तिकेपासून वाचते. आजवर पत्र लिहिलं नव्हतं. इथे पुस्तिका मिळत नाही, म्हणून दर शनिवारी सीमेपलीकडे नीबुल स्टेशनवर जाऊन घेते. टपरीवाला मला जर्मन शिकणारी बाई समजतो.

पुस्तिका १५२८, पान ४१. टाले मेलेली आहे. ते मला चांगलं माहीत आहे, मी तेव्हा वाचलं होतं. त्याबद्दल इतर वाचक लिहितीलच. माझी हरकत वेगळी आहे. टाले उजव्या हाताने बटाटे सोलते असं छापलं आहे. टाले डावरी होती.

हे कुठे छापलं गेलं नसेल, पण लेखकाला ते माहीत आहे. नऊ वर्षं तो त्या बाईच्या डाव्या बाजूला बसून जेवला. प्रत्येक जेवणात तिचं कोपर त्याच्या उजव्या हाताला लागलं आणि प्रत्येक जेवणात तो सरकून बसतो म्हणाला. एकदाही सरकला नाही. तेव्हा हे विसरणं शक्य नाही. मीठही नेहमीच्या जागी कधी नसे. तो वापरून खिडकीत, शेगडीमागे, कुठेही ठेवी, आणि मग सगळ्या घराला विचारत फिरे.

मेलेलं माणूस परत आणायला माझी हरकत नाही. आपल्या मालिकेत ते अनेकदा झालं आहे आणि बहुतेक वेळा वाईट जमलं आहे. पण माणूस परत आणायचंच, तर जे होतं तेच आणावं.

लेखकाची प्रकृती बरी आहे का? शेवटची काही पानं एका बोटाने टाइप केल्यासारखी वाटतात. वाक्यं आखूड झाली आहेत. हा प्रश्न छापू नये.

लोभ असावा असं लिहिण्याची रीत आहे. मला तसा हक्क नाही. उत्तर यावं, एवढंच मागते.

आपली,
हेड्डा क्योल्बी


कासेल,
३० मे १९९३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत एका पत्राची नक्कल आहे. आधी ती वाच, मग पुढे.

टालेबद्दल पत्रांची पोती आली. कुणी म्हणतं ते कप्तानाचं स्वप्न होतं, कुणी म्हणतं टालेचं यंत्रमानव रूप. लुबेकच्या एका सातवीतल्या मुलीने लिहिलंय की मेलेल्यांनाही भूक लागत असेल. हाताबद्दल फक्त एकच पत्र आलं. श्री. ओल्बर्सनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, त्यांना हसू आलं होतं. माझ्याकडे पाहून ते थांबले आणि दार लावून गेले. ते दार कधी लावत नाहीत.

मी काल बाबांना पत्र वाचून दाखवलं. नाव आधी सांगितलं नाही. कोपराच्या वाक्यापाशी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मी वाचायची थांबले तर मीठ म्हणाले, म्हणजे पुढे वाच. त्यात मिठाचं वाक्य आलं, तेव्हा ते इतके हसले की नर्स धावत आली आणि तिला वाटलं झटका आला. मी तिला नाही म्हटलं.

मग मी प्रश्न विचारले, कारण हो-नाही त्यांना येतं. उजवा हात मुद्दाम लिहिला का? हो. ती वाचत असेल म्हणून? हो. वाचते हे माहीत होतं का? नाही. परिच्छेद माझ्याकडून तपासून जाणार होता, मग ही चूक मी पकडणार नाही असं का वाटलं? यावर ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. मी तेव्हा त्यांच्यासाठी सफरचंद चिरत होते.

मला काय वाटलं असं तू विचारशील. अजून काही वाटलेलं नाही. वाटलं की कळवीन.

पत्ता नक्कलेच्या मागे आहे. उत्तर तू लिहावंस असं मला वाटतं. लोभ असू दे, आणि त्यातला थोडा कामाला लाव.

तुझी,
गेझिना


हुझुम,
२ जून १९९३

चि. गेझिनास,
अनेक आशीर्वाद.

नीबुल! अगं, माझ्या खिडकीखालून जाणारी गाडी तिथे थांबते. चौदा वर्षं मी आरहुसच्या नावाने उसासे टाकतेय आणि ही बाई दर शनिवारी अर्ध्या तासावर पुस्तिका घेतेय. फ्राउ ब्रोडर्सेन म्हणते, आपण जाऊन टपरीपाशी दबा धरू. मी तिला म्हटलं, आपल्याला दबा धरता येत नाही, आपली हाडं वाजतात.

उत्तर मी लिहिणार नाही. पत्र संपादकांना आलंय, आणि वाचकांची उत्तरं तू देतेस. तुला काय लिहायचं सुचत नसेल तर नियमाप्रमाणे लिही. तुला नियमाप्रमाणे लिहिलेलंच चांगलं जमतं, आणि मला वाटतं तिलाही तसंच वाचलेलं सोसेल. पण लवकर लिही, डॉक्टर काय म्हणाला ते तूच मला कळवलंस.

लोभ? तो काय आता विचारायचा.

आत्या


कासेल,
६ जून १९९३

श्रीमती हेड्डा क्योल्बी यांस,
स. न. वि. वि.

पुस्तिका १५२८बद्दलचं आपलं २२ मेचं पत्र मिळालं. हे उत्तर छापलं जाणार नाही.

आपली हरकत मी तपासली. पहिल्या पुस्तिकेपासून ४६१पर्यंत टाले कुठल्या हाताने काय करते याचा उल्लेख कुठेच नाही. त्यामुळे आमच्या नियमाने ही चूक ठरत नाही. तरी आपलं म्हणणं बरोबर आहे. लेखकाने ते मान्य केलं आहे.

छापलेलं मागे घेता येत नाही, हे आपल्याला माहीत असेलच. अशा वेळी खुलासा द्यावा लागतो. एरवी तो पुढचा लेखक देतो. हा त्याला देता येणार नाही, तो याच लेखकाकडून घ्यावा लागेल, आणि समक्ष. त्यांना दोन झटके आले आहेत. आपण ओळखलंत, ती पानं एका बोटाने टाइप केलेली आहेत, आणि ते बोट डाव्या हाताचं आहे. उजवा हात चालत नाही. तीन शब्द बोलता येतात, त्यातला एक मीठ आहे. तिसरा झटका त्यांना सोसवणार नाही असं डॉक्टर म्हणतात. तो कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून उन्हाळा संपण्याची वाट पाहू नये.

घर तेच आहे. घंटा बिघडली आहे, दारावर थाप मारावी. दुपारच्या झोपेनंतर ते टेबलाशी बसतात. शनिवार-रविवारी मी असते. मी नसावं असं वाटत असेल तर इतर वारी यावं, नर्सला सांगून ठेवलं आहे. त्यांच्या उजव्या बाजूची खुर्ची रिकामी आहे. तिथे बसल्यास कोपर लागेल आणि त्या हाताला ते कळणार नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची ठेवू का असं विचारलं. नाही म्हणाले.

मीठ सध्या कुठे असतं ते सांगता येणार नाही. कालचं शिवणाच्या डब्यात सापडलं.

आता तपासणीबद्दल. पुस्तिका १५२८ मी तपासली होती. मळा, पोतं, प्रेत, सगळं पाहिलं. सुरीपाशी थांबले नाही. टाले डावरी होती हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही डावरी आहे. हे कुठून आलं, याचा खुलासा मला कधी मिळाला नाही, आणि मी मागितलाही नव्हता.

लोभाबद्दल आपण लिहिलंत ते वाचलं. 'लोभ असावा'खाली मी टिंबं देऊन ठेवली आहेत.

आपली,
गेझिना हार्मसेन